न दिसणाऱ्या जागेचा शोध

एका कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटर अंतरावर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. आता डावा डोळा हाताने झाका आणि उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत कागद लांबून हळूहळू जवळ आणा. डोळ्यापासून साधारण तीस सेंटिमीटरवर ठिपका एकाएकी नाहीसा होतो. कागद आणखी जवळ आणला की तो परत दिसू लागतो.

हा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी वर्गात करून घेतला असेल. मुले 'गेला, गेला' म्हणून ओरडतात. दृष्टिपटलावरचा अंधबिंदू समजला असे म्हणून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ठिपका गेला तेव्हा त्याच्या जागी काय दिसले? काळे भोक दिसले का? नाही. तिथे कोरा पांढरा कागदच दिसला. कागद निळा असता तर तिथे निळा रंग दिसला असता. म्हणजे त्या जागेचे आपल्याला दिसत तर नाहीच, पण दिसत नाही हेही कळत नाही.

मोटार चालवणाऱ्या माणसाची अडचण नेमकी हीच असते. तो आरशात बघतो. मागचा रस्ता मोकळा दिसतो. तो गाडी बाजूला घेतो, आणि इतका वेळ शेजारीच असलेली स्कूटर गाडीखाली येते. 'मी पाहिलं होतं, कोणी नव्हतं' असे तो शपथेवर सांगतो, आणि ते खोटे नसते. इंग्रजीत डोळ्यातल्या आणि गाडीच्या कडेच्या या दोन्ही जागांना एकच नाव आहे: ब्लाइंड स्पॉट. आजकालच्या मोटारींमध्ये या जागेवर लक्ष ठेवणारी आणि गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करणारी यंत्रे बसवलेली असतात. ही यंत्रे नवी असली तरी त्यांच्यामागची धडपड बरीच जुनी आहे.

मारियॉतचे दोन कागद

आपण ज्याला बॉइलचा नियम म्हणतो तो फ्रान्समध्ये एद्म मारियॉतच्या नावाने ओळखला जातो. याच मारियॉतने अंधबिंदू शोधला. हा शोध अपघाताने लागलेला नाही. माणसांच्या आणि प्राण्यांच्या डोळ्यांचे विच्छेदन करताना त्याच्या लक्षात आले होते, की मेंदूकडे जाणारी चेता डोळ्याच्या मागच्या भागात बरोबर मध्यभागी शिरत नाही. ती जराशी नाकाच्या बाजूला असते. मग प्रतिमा नेमकी त्या जागी पाडली तर काय होईल, असा त्याने स्वतःला प्रश्न घातला.

त्याने एका काळसर भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक छोटा गोल कागद चिकटवला. त्याच्या उजवीकडे सुमारे दोन फुटांवर, थोडा खाली, दुसरा कागद लावला. डावा डोळा मिटून पहिल्या कागदावर नजर खिळवत तो मागे मागे सरकू लागला. सुमारे दहा फुटांवर गेल्यावर दुसरा कागद साफ नाहीसा झाला. हा कागद लहान नव्हता, त्याचा व्यास चार इंच होता. मारियॉतचा वृत्तान्त १६६८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून हा खेळ लोकांच्या फार आवडीचा झाला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स या युक्तीने आपल्या दरबाऱ्यांची 'मुंडकी उडवून' पाहत असे, अशी एक कथा सांगतात.

प्रयोग उत्तम होता, पण त्यावरून मारियॉतने काढलेला निष्कर्ष चुकला. चेता शिरते त्या जागी दृष्टिपटलामागचा काळसर थर, म्हणजे रंजितपटल, नसतो. तिथे दिसतही नाही. तेव्हा दृष्टीचे इंद्रिय हे रंजितपटलच असले पाहिजे, असे तो म्हणाला. त्याचाच समकालीन झां पेके याने याला विरोध केला आणि दोघांत वाद झडला. आज आपल्याला माहीत आहे, की दृष्टिपटलावरचे सुमारे दहा लाख चेतातंतू एकत्र होऊन जिथून बाहेर पडतात, तिथे प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशींना जागाच उरत नाही. योग्य निरीक्षण आणि अयोग्य निष्कर्ष एकाच निबंधात कसे नांदू शकतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ही जागा किती मोठी असते? डोळ्यापाशी तिचा कोन आडवा सुमारे साडेपाच अंशांचा होतो. तीस मीटरवर या कोनात जवळजवळ तीन मीटर रुंदीची वस्तू मावते. म्हणजे एक डोळा मिटला तर समोरून येणारी अख्खी मोटार त्यात हरवू शकते! तरीही एरवी आपण कशाला धडकत नाही. कारण उजव्या डोळ्याचा अंधबिंदू उजवीकडच्या दृश्यात आणि डाव्याचा डावीकडच्या दृश्यात असतो. एकाला न दिसणारी जागा दुसऱ्याला दिसते. शिवाय आपले डोळे आणि मान सतत हलत असतात. निसर्गाने दोष काढून टाकलेला नाही, तर दुसऱ्या जागेवरून बघणारा एक जोडीदार दिला आहे. मोटारीच्या इतिहासातही हेच पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

मागे बघणारा माणूस

सुरुवातीच्या मोटारींना आरसे नव्हते. गाड्या हळू चालत आणि रस्त्यावर त्या थोड्याच असत. १९०९ मध्ये इंग्लंडमधल्या डॉरोथी लेव्हिट या मोटार-शर्यतपटू बाईंनी स्त्रियांसाठी मोटार चालवण्याविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी सल्ला दिला, की गाडीत एक छोटा हातआरसा जवळ ठेवावा आणि मागचे बघण्यासाठी अधूनमधून तो समोर धरावा. वेणीफणीच्या आरशाचा असा उपयोग सुचवणारी ही बाई मोठी व्यवहारी म्हटली पाहिजे.

दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, अमेरिकेत इंडियानापोलिसला पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाच्या शेजारी एक मेकॅनिक बसे. तेलाचा दाब बघायचा आणि मागून कोण येतो आहे ते ओरडून सांगायचे, हे त्याचे काम. रे हॅरून हा चालक मात्र एकाच आसनाची गाडी घेऊन उतरला. बाकीच्यांनी तक्रार केली, की याला मागचे दिसणार नाही, हा धोका आहे. तेव्हा हॅरूनने गाडीवर एक लांबट आरसा बसवला. घोडागाडीवर असा आरसा आपण पूर्वी पाहिला होता, असे त्याने नंतर सांगितले. शर्यत त्याने ताशी सुमारे १२० किलोमीटरच्या सरासरी वेगाने जिंकली. गंमत अशी, की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात आपल्याला काही दिसलेच नाही, असेही पुढे त्यानेच कबूल केले.

शर्यतीच्या गाडीतला तो मेकॅनिक आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे ट्रकच्या डाव्या खिडकीत बसणारा क्लीनर तेच काम करत आला आहे. गाडी मागे घेताना 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत पत्र्यावर हात आपटणारा क्लीनर म्हणजे चालकाचा दुसरा डोळा. तो उतरला की गाडीची डावी बाजू आंधळी होते. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायची पद्धत होती. ते शब्द लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली. पण त्यांचा साधा अर्थ हाच होता, की मला तू दिसत नाहीस, तेव्हा आवाज दे.

आरशाचे गणित

बाहेरचा आरसा सपाट ठेवला तर वस्तू खऱ्या आकाराची दिसते, पण दृश्य अरुंद होते. म्हणून बहिर्वक्र आरसा लावतात. दृश्य रुंदावते, पण त्याची किंमत मोजावी लागते. दहावीच्या सूत्राने ही किंमत काढून बघू या.

आरशाची वक्रता त्रिज्या १.२ मीटर धरू, म्हणजे नाभीय अंतर ०.६ मीटर. मागची मोटार आरशापासून १२ मीटरवर आहे. सूत्राप्रमाणे प्रतिमा आरशामागे ०.५७ मीटरवर पडते आणि ती मूळ मोटारीच्या एकविसाव्या भागाएवढी असते. चालकाचा डोळा आरशापासून ०.८ मीटरवर असेल, तर ही प्रतिमा डोळ्यापाशी जेवढा कोन करते तेवढा कोन खरी मोटार जवळजवळ २९ मीटरवर असताना करील. सपाट आरशात तीच मोटार १३ मीटरवर असल्यासारखी दिसली असती. आरशातली वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे, असा जो इशारा काही आरशांवर छापलेला असतो, त्याचा अर्थ हा असा आकड्यांत सांगता येतो.

आणि तरीही कडेचा काही भाग सुटतोच. १९९५ मध्ये जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने या भूमितीवर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे, की आपण बाहेरचे आरसे फार आत वळवतो. त्यात स्वतःच्याच गाडीची बाजू दिसत राहते आणि आतल्या आरशात दिसणारा रस्ता पुन्हा एकदा दिसतो. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत त्याची रीत अशी होईल: डोके उजव्या काचेला टेकवा आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवा. मग डोके गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसाही तसाच लावा. सरळ बसल्यावर स्वतःची गाडी आरशात दिसत नाही, म्हणून प्रथम चुकल्यासारखे वाटते. पण मागून पुढे जाणारी मोटार आतल्या आरशातून निघून बाहेरच्या आरशात येते आणि तिथून निघता निघता थेट नजरेला पडते. एक पैसाही खर्च न करता ही जागा बरीच लहान होते.

रस्त्यावरची रेघ

कडेचे वाहन दिसण्याइतकेच आपण आपल्या जागी असणेही महत्त्वाचे. त्यासाठी 'आपली जागा' रस्त्यावर दाखवावी लागते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वेन परगण्याच्या रस्ते मंडळावर एडवर्ड हाइन्स नावाचे गृहस्थ होते. दुधाच्या गळक्या गाडीमागे रस्त्यावर पडलेली पांढरी रेघ पाहून त्यांना रस्त्याच्या मध्यभागी रेघ आखायची कल्पना सुचली, असे सांगतात. १९११ मध्ये तिथल्या रिव्हर रोडवर अशी रेघ आखली गेली. योगायोगाने हे हॅरूनच्या आरशाचेच वर्ष.

कॅलिफोर्नियात डॉक्टर जून मॅकॅरॉल यांना हीच गोष्ट स्वतंत्रपणे सुचली. १९१७ मध्ये त्या मोटारीने जात असताना समोरून आलेल्या ट्रकमुळे त्यांना रस्त्याखाली उतरावे लागले. रेघ आखावी म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांना विनवले. कोणी ऐकेना, तेव्हा त्यांनी इंडिओ गावाजवळ स्वतःच रेघ रंगवली. राज्याने ती पद्धत १९२४ मध्ये स्वीकारली. रात्रीसाठी इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये 'कॅट्स आय'चे पेटंट घेतले. रबरात बसवलेले हे काचेचे डोळे गाडीच्या दिव्याचा प्रकाश आल्या दिशेने परत पाठवतात.

रेघ म्हणजे काही भिंत नव्हे. ती एक समजूत आहे, आणि दोघांनी पाळली तरच ती उपयोगी पडते. पुढे यंत्रांनाही हीच समजूत शिकवावी लागली.

रेघ वाचणारे यंत्र

रेघ ओलांडली जाते ती पुष्कळदा डुलकीमुळे. थोडा हिशेब करू. गाडी ताशी ८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २२ मीटर जाते आहे. स्टिअरिंग ढिले पडून दिशा फक्त दोन अंशांनी चुकली. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये १.७ मीटर रुंदीची गाडी मध्यावर असेल, तर दोन्ही बाजूंना ०.९ मीटर जागा उरते. सेकंदाला पाऊण मीटर या बाजूच्या वेगाने गाडी सुमारे सव्वा सेकंदात रेघेवर पोचते. एवढ्या वेळात माणूस जागा होणे अवघड आहे. म्हणून काही रस्त्यांच्या कडेला चाक गेले की खडखड आवाज करणाऱ्या खाचा पाडतात. अमेरिकेत हा उपाय १९५० च्या दशकापासून आहे.

गाडीने स्वतःच रेघ बघावी, ही कल्पना प्रत्यक्षात आणायला संगणक लागला. जर्मनीत म्यूनिचजवळच्या लष्करी विद्यापीठात एर्न्स्ट डिकमान्स यांनी पाच टनांच्या एका गाडीत कॅमेरे आणि संगणक बसवले. १९८७ मध्ये ही गाडी मोकळ्या महामार्गावर ताशी ९६ किलोमीटर वेगाने आपली आपण रेघ धरून गेली. त्या वेळचे संगणक मंद होते. पूर्ण चित्र तपासायला वेळ नव्हता. म्हणून रेघ पुढच्या क्षणी कुठे असेल याचा आधी अंदाज करायचा आणि चित्राचा तेवढाच तुकडा तपासायचा, अशी युक्ती डिकमान्स यांनी वापरली. १९९५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गाडीने पिट्सबर्ग ते सॅन डिएगो हा सुमारे ४६०० किलोमीटरचा प्रवास केला. त्यातल्या ९८.२ टक्के अंतरात स्टिअरिंग संगणकाने सांभाळले. ब्रेक आणि वेग मात्र माणसाच्या पायाखाली होते.

आजच्या मोटारीत कॅमेरा पुढच्या काचेला आतून बसवलेला असतो. काळ्या डांबरावर पांढरी रेघ येते तिथे चित्रातला उजेड एकदम वाढतो आणि लगेच कमी होतो. असे बिंदू जोडले की रेघ सापडते. रुळांसारख्या दूरवर एकत्र येणाऱ्या या दोन रेघांच्या कलावरून गाडी लेनमध्ये कुठे आहे आणि किती वेळात बाहेर जाईल, हे संगणक काढतो. २००० मध्ये युरोपातल्या ट्रकमध्ये नुसती सूचना देणारे यंत्र विक्रीला आले. २००१ मध्ये जपानमध्ये स्टिअरिंगला हलका हात देणारी मोटार आली. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत असे साहाय्य सक्तीचे झाले. भारतात ही सोय २०२१ पासून मध्यम किमतीच्या मोटारींतही दिसू लागली.

आरशातला दिवा

कडेच्या जागेसाठी व्हॉल्व्हो कंपनीने २००४ मध्ये आरशांखाली कॅमेरे बसवले. गाडीच्या कडेची साडेनऊ मीटर लांब आणि तीन मीटर रुंद जागा ते सेकंदाला पंचवीस वेळा टिपत. लागोपाठच्या चित्रांची तुलना करून तिथे वाहन आहे असे ठरले की आरशाजवळ दिवा लागे. आता बहुतेक मोटारींत मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत रडार असते. ते अंधारातही चालते, आणि परत आलेल्या लहरींची कंप्रता किती बदलली यावरून वाहन किती वेगाने जवळ येते आहे हेही कळते.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. कडेची सूचना देणारे यंत्र असलेल्या गाड्यांचे लेन बदलतानाचे अपघात १४ टक्क्यांनी कमी होते. लेन सुटल्याची सूचना देणाऱ्या गाड्यांचे त्या प्रकारचे अपघात ११ टक्क्यांनी कमी होते, आणि त्यांतले इजा झालेले २१ टक्क्यांनी. पण याच संस्थेने दुरुस्तीला आलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्या गाड्यांत लेनचे यंत्र चालकांनी बंद करून ठेवलेले आढळले. सारखी पिरपिर कोणाला आवडते!

म्हणून ही यंत्रे काय सांगतात ते नीट समजून घ्यावे. आरशातला दिवा लागला, तर त्याचा अर्थ 'जाऊ नकोस' असा आहे. दिवा लागला नाही, तर त्याचा अर्थ 'जा' असा नाही. बंपरवर चिखल बसला किंवा वरून लोखंडी गार्ड लावले की रडारला नीट दिसत नाही. लेनचा कॅमेरा रेघेवर जगतो. पावसाळ्यानंतर पुसट झालेली रेघ, दुरुस्तीनंतर उरलेली जुनी रेघ, ओल्या रस्त्यावर चमकणारे दिवे, यांनी तो फसतो. हात स्टिअरिंगवरून काढायची परवानगी तो देत नाही. आणि इंडिकेटर न देता लेन बदलली तर गाडी स्टिअरिंग हलकेच मागे ओढते, तेव्हा ती बिघडलेली नसते. इंडिकेटर दिला की ती मुकाट सोडते. म्हणजे जुनी शिस्तच नव्या यंत्राला कळते. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून एक नजर, हा क्रम यंत्र आले म्हणून बदललेला नाही.

मैदानावरचा नकाशा

आपल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे उद्या मोटार चालवतील, पण आज ते सायकलने शाळेत येतात. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या किंवा एस.टी.च्या डाव्या अंगाला ते उभे असतात. त्यांना बस दिसते, म्हणून बसवाल्याला आपणही दिसतो, असे त्यांना वाटते. मारियॉतने जे भिंतीपुढे केले, तेच त्यांच्यासाठी मैदानात करता येईल.

एखाद्या शनिवारी शाळेची बस मैदानात उभी करा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली शिक्षकांच्या खिशात. चालकाच्या जागेवर एका विद्यार्थ्याला बसवा. दुसऱ्याने बसभोवती पावलापावलाने फिरावे. बसलेल्याने तीनही आरशांत आणि काचांतून बघून 'दिसतो' किंवा 'नाही' एवढेच सांगावे. 'नाही' आले की तिथे फक्कीचा ठिपका. सगळे ठिपके जोडले की बसच्या पुढे, मागे आणि दोन्ही कडांना बेटांसारख्या आकृत्या तयार होतात. टेपने मोजून त्यांचे क्षेत्रफळ काढा. मग मुलांना त्या आकृत्यांमध्ये उभे करा आणि प्रत्येक आकृतीत किती मुले मावतात ते मोजा.

शेवटी प्रत्येकाला एकदा चालकाच्या जागेवर बसू द्या. खाली वर्गातली दहा-बारा मुले उभी आहेत हे ठाऊक असूनही आरशात मोकळे मैदान कसे दिसते, ते त्यांना स्वतः पाहू द्या.